मोबाईल सुटावा म्हणून मुलाला नाटकात घालायचं म्हणतेय, कोणी करून बघितलंय का?

वेंगुर्ल्याची_आई
मुलगा नववीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीपासून मोबाईलचं जे सुरू झालंय ते शाळा सुरू झाली तरी थांबत नाही, रात्री चादरीत फोन, सकाळी उठवायला गेलं की भांडण. आधी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढायची हाक आली की चप्पल न घालता पळायचा, आता हाक ऐकूच येत नाही, कानात ते हेडफोन. हे मुंबईला असतात, गणपती नि शिमग्याला येणार, तेवढ्यात काय सांगणार त्याला. फोन काढून घेतला तर जेवला नाही, दार आपटलं.
आता शाळेत एक सर आठवी-नववीच्या मुलांची नाटकाची टीम करतायत, स्नेहसंमेलनासाठी. सर म्हणतात याने मोबाईल कमी होईल. मला कळत नाही, हे खरंच होतं की उगाच आणखी एक क्लास? आणि हा मुळात लाजरा आहे, चारचौघात तोंड उघडत नाही. शिवाय आजकाल नाटकाचेही रील्सच करतात ना पोरं 😔

तालीमवाला_कणकवली
ताई घाला. पण सरांना आधी विचारा की ते नक्की काय करून घेणार आहेत, कारण पाठ करून वाक्यं म्हणायला लावणार असतील तर लाजरा मुलगा दुसऱ्याच दिवशी पोटात दुखतंय म्हणेल. मी मुलांची शिबिरं घेतो, आमच्याकडे सुरुवातीला स्क्रिप्ट हातात देतच नाही. आरशाचा खेळ असतो, दोघं समोरासमोर, एक हळू हात हलवतो आणि दुसऱ्याने तसंच करायचं, नजर हलवायची नाही. दुसरा म्हणजे सगळे गोल उभे राहतात, डोळे मिटून एक ते वीस मोजायचं, आकडा कोण म्हणेल ते ठरवायचं नाही, दोघं एकदम बोलले की परत एकपासून. ऐकायला पोरकट वाटतं पण या वयाची मुलं यात अडकतात, कारण थांबून दुसऱ्याची चाहूल घ्यावी लागते. रील्समध्ये पुढचं काय येणार ते माहीत नसतं म्हणून अंगठा चालूच राहतो. तालमीतही समोरचा काय करेल माहीत नसतं, पण इथे तुमच्याशिवाय पुढे सरकतच नाही.
आणि लाजऱ्या मुलाला आधी पडद्यामागचं काम द्यायला सांगा, लाइट, आवाज, सामान. तिथूनच तो स्टेजवर येतो कधीकधी, नाही आला तरी हरकत नाही.
अजून एक, ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलने १९७० च्या दशकात एक प्रकार चालवला, फोरम थिएटर. एक भांडण करून दाखवायचं, अर्ध्यात थांबवायचं, प्रेक्षकातलाच कोणी उठून त्या पात्राच्या जागी येतो आणि वेगळं वागून बघतो. मी "फोन काढून घेतला" हाच प्रसंग देतो. पोरं आई होतात नि असलं झकास ओरडतात की आया मागे बसून हसतात, मग एखादी आई उठून मुलगा होते, तेव्हा मात्र हॉल गप्प होतो.

नमन_गुहागर
सगळं बरोबर दादा पण जरा जमिनीवर या 😄 आमच्या वाडीत नमनाची, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्याची, तालीम असते, पोरं मृदंग सुरू व्हायच्या आधी नि संपल्यावर फोनच बघतात, मधल्या वेळात एखादा व्हिडिओ काढून स्टेटसला. गवळण नाचणारा पोरगा तर लाइक किती आले तेच बघत बसतो. आम्ही यावर एकच केलं, देवळात शिरताना सगळ्यांचे फोन टोपलीत. सगळ्यांचे म्हणजे खोतकाका, मृदंगवाले, सगळे. मोठ्यांनी आधी कुरकुर केली, पोरांनी नाही. नाटकामुळे फरक पडला की टोपलीमुळे ते देव जाणे.

समुपदेशक_रत्नागिरी
ताई, एक गोष्ट वेगळी सांगते. "मोबाईलचं व्यसन" असं निदान अधिकृत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमिंग डिसऑर्डर आहे, तेही खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसूनही थांबता येत नाही आणि हे साधारण बारा महिने चालू आहे अशा वेळी. म्हणजे तुमच्या मुलाला लगेच लेबल नको. पण झोप तुटलीये, जेवण सोडलं, हे बघायला हवं. तो नेमकं काय बघतो, गेम की मित्रांच्या गप्पा, की नुसतं स्क्रोल? काही मुलं उदास असतात म्हणून फोनमध्ये जातात, तिथे नाटक एकटं पुरत नाही. तसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत यासाठी शट नावाचं वेगळं क्लिनिकही आहे, पण तिकडे जायची वेळ आली असं वाटत नाही मला.
नाटक मात्र चालू करा. उपचार म्हणून नको. शनिवारी कोणीतरी त्याची वाट बघतंय, तो गेला नाही तर प्रवेश अडतो, एवढं झालं तरी पुष्कळ. आणि रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात, तुमचाही.

म्हातारो_दशावतारी
अगो बाय, दशावतारात लिवलेला काय नसता. आख्यान खयचा ता ठरता, कोण काय काम करतलो ता ठरता, बाकी सगळा थयच उभा रवान बोलूचा. समोरचो काय बोलता ता कान देवन ऐकलंस नाय तर उघडो पडतलंस, मोबाईल बघूक येळ खय? झिलाक संकासुर करूक दी. तो ब्रह्मदेवाचे वेद चोरता, मालवणीत बोलता, लोकांची फिरकी घेता, लाजरी पोरा त्या काळ्या येषात बरी खुलतत कारण तोंडच दिसणा नाय. सरांक सांग, ह्या पोरांचो संकासुर वेद नको, झोप चोरूदे. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाले काय घेवन ये त्याका. जागरणाचा सांगा नको, दशावतार पण रातभर चालता 😂

वेंगुर्ल्याची_आई
आजोबा, तुमचं वाचून दाखवलं त्याला, "संकासुर कोण ते माहितीये मला" एवढंच म्हणाला पण हसला. सरांना टोपलीचं सांगते, ते स्वतःच तालमीत फोनवर असतात म्हणे. @तालीमवाला दादा, एकपासून वीस वाला खेळ घरी तिघांत जमेल का? सासूबाई पण खेळतो म्हणतायत.

तालीमवाला_कणकवली
जमेल की, पण तिघांत फार सोप्पं होतं, वीस नको तीसपर्यंत मोजा. आणि सासूबाईंना डोळे मिटायला सांगा, त्या बघून मोजतील 😄