गच्चीवरची बाग : हिशेब फक्त भाजीचा नको

'सोसायटीने गच्चीवर वांगी-टोमॅटो लावून मंडईचा खर्च असा किती वाचणार?' हा तुमचा प्रश्न रास्त आहे. फारसा नाहीच वाचत. पण मुंबई पोर्ट ट्रस्टचं (आताची मुंबई पोर्ट ऑथॉरिटी) उदाहरण बघा. तिथल्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तिथल्याच केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास बाग सुरू केली, ती मुळात स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवायला. फळं-भाज्या हा वरकड फायदा!

आमच्याकडेही तेच. देठं, सालं, उसाची चिपाडं, पालापाचोळा सगळं वाफ्यात जातं. उन्हाळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब जरा कमी तापतो. आणि एरवी पार्किंगवरून भांडणारे दोन काका हल्ली मिरचीवरच्या मावा किडीवर तासन्‌तास बोलतात. फक्त आधी वॉटरप्रूफिंग तपासा, आम्ही ते विसरलो होतो.