गार्ड कार्ट्रिज: लावता का, कधी बदलता, उपयोग झाला का?

एचपीएलसीवर (सॅम्पलमधले घटक कॉलम नावाच्या भरलेल्या नळीतून वेगळे करून मोजणारं यंत्र) दिवस काढणाऱ्यांसाठी हा धागा. इंडेंट भरला की परचेसवाले हमखास एक ओळ खोडतात: गार्ड कार्ट्रिज. कॉलमच्या आधी बसून घाण अडवणारा एवढासा तुकडा, आत कॉलममधलंच पॅकिंग, आणि किंमत पाहून त्यांना वाटतं आपण चैन करतोय. घाण सॅम्पलला गार्ड हवाच, याबद्दल मला शंका नाही. पण स्वच्छ एपीआयच्या (शुद्ध औषधी द्रव्याच्या) ॲसेला, म्हणजे प्रमाण मोजायच्या चाचणीला, तो कशाला? कॅटलॉगमधलं नको, तुमच्या बाकावर काय घडलं ते लिहा.

वाळूज, टॅब्लेटचं क्यूसी
आमच्याकडे डिसोल्यूशनची (गोळी किती विरघळते त्या चाचणीची) सॅम्पलं येतात, म्हणजे गोळीचं कोटिंगही सोबत आलंच. टायटॅनियम डायऑक्साइडचा कण साधारण ०.२ ते ०.३ मायक्रॉनचा, तो ०.४५ च्या फिल्टरमधून आरामात निसटतो. विरघळलेलं एचपीएमसी (कोटिंगमधला पॉलिमर) तर कुठल्याच सिरिंज फिल्टरला जुमानत नाही. पुढे मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) ॲसिटोनायट्राइल जास्त असलं की ते कॉलमच्या तोंडाशी साका धरतं. गार्ड लावल्यापासून हे सगळं तिथेच अडकतं. बदलताना आम्ही इंजेक्शनं मोजत नाही. नवीन कार्ट्रिज घातल्यावरचं प्रेशर लॉगबुकात लिहायचं. त्यावर दहा टक्के चढलं, किंवा टेलिंग (आलेखातल्या पीकची मागे ओढली जाणारी शेपटी) वाढायला लागलं, की काढायचं. धुऊन पुन्हा वापरणारे आहेत, पण त्यात जाणारं सॉल्व्हंट आणि वेळ धरला तर मला तो व्यवहार परवडणारा वाटत नाही.

नाशिक, द्राक्षांचे रेसिड्यू
माझं मत थोडं उलटं. आमचा कॉलम २.१ मिलिमीटर व्यासाचा, एलसी-एमएस/एमएसला (मास स्पेक्ट्रोमीटरवाल्या यंत्राला) जोडलेला. इथे गार्डच्या होल्डरमधली आणि जोडनळीतली मोकळी जागा चांगलीच भोवते. मेथामिडोफॉस, ॲसिफेटसारखी लवकर बाहेर पडणारी कीटकनाशकं आधीच बसकी येतात, ती आणखी पसरतात. ४.६ च्या कॉलमवर हाच होल्डर जाणवतही नाही. म्हणून आम्ही ०.२ मायक्रॉनचा इनलाइन फिल्टर लावतो आणि खरा भर पीएसएच्या (सॅम्पलमधली घाण शोषून घेणाऱ्या पावडरीच्या) क्लीन-अपवर ठेवतो. फिल्टर फक्त कण अडवतो, चिकटणारे रंग आणि मेण नाही, हे मान्य. एक्स्पोर्टचा हंगाम चालू असताना कॉलम मान टाकतोच. त्याचा खर्च आम्ही आधीच धरून ठेवतो.

सर्व्हिस इंजिनिअर, पुणे-तारापूर
“कॉलम गेला, पीक दुभंगतंय” असा फोन आला की मी आधी गार्ड काढून तिथे युनियन (नळ्यांचा साधा जोड) लावायला सांगतो. कितीतरी वेळा तेवढ्यानेच पीक सरळ होतं. एकतर कार्ट्रिज होल्डरमध्ये तिरकं बसलेलं असतं, नाहीतर स्टीलची फेरूल (नळी घट्ट धरणारी कडी) दुसऱ्या मेकच्या कॉलमच्या मापाने आवळलेली असते. नळी तळापर्यंत पोचतच नाही आणि मध्ये पोकळी राहते. आणखी एक प्रकार पाहिलाय: सी१८ कॉलमपुढे सायनोचा, म्हणजे वेगळ्याच पॅकिंगचा, गार्ड, कारण ड्रॉवरमध्ये तोच होता! दोघांची धरून ठेवायची ताकद वेगळी, मग पीक रुंद झाले तर कॉलमचा काय दोष?

मेथड डेव्हलपमेंट, हैदराबाद
गार्ड कशापासून वाचवत नाही, तेही इथे असू द्या. सेल्युलोज किंवा अमायलोजचा लेप दिलेला कायरल कॉलम (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले रेणू वेगळे करणारा) असेल आणि सॅम्पल डायक्लोरोमिथेनमध्ये किंवा टीएचएफमध्ये विरघळवलं असेल, तर गार्ड काही करू शकत नाही. लेपच सुटतो, आधी गार्डचा, मग कॉलमचा. (इमोबिलाइज्ड, म्हणजे लेप रासायनिक बंधाने पक्का केलेल्या कॉलमचं गणित वेगळं.) तसंच साध्या सिलिकाच्या कॉलमवर मोबाइल फेजचा पीएच ८ च्या वर नेला की सिलिका विरघळू लागते. त्यासाठी पंप आणि इंजेक्टरच्या मध्ये सिलिका भरलेला सॅच्युरेटर कॉलम लावतात. त्यातून सॅम्पल जात नाही, मोबाइल फेज मात्र सिलिकाने आधीच भरून पुढे येतो. गार्ड इंजेक्टरनंतर, सॅच्युरेटर आधी. नव्या मुलांना दोन्ही एकच वाटतात.

वाळूज, टॅब्लेटचं क्यूसी
हैदराबादकर, पूर्ण सहमत. धागाकर्त्यांच्या प्रश्नाबद्दल: स्वच्छ एपीआयच्या ॲसेला आम्हीही गार्ड लावत नाही, इनलाइन फिल्टर पुरतो. पण रिलेटेड सबस्टन्सेसची (औषधातल्या अशुद्धींची) मेथड गार्ड लावून व्हॅलिडेट केली असेल, तर पुढे तो मनाने काढू नका. रिटेन्शन टाइम थोडे सरकतात, क्रिटिकल जोडीचं (सर्वांत जवळ येणाऱ्या दोन पीकचं) रिझोल्यूशन काठावर असेल तर सिस्टिम सुटॅबिलिटी (यंत्रणा चाचणीला योग्य आहे का याची तपासणी) तिथेच अडते. आमच्या एसटीपीत (चाचणीच्या ठरलेल्या पद्धतीच्या कागदात) कॉलमच्या ओळीखाली गार्डचा पार्ट नंबरही छापलेला आहे. ते पान दाखवल्यापासून परचेसने ओळ खोडलेली नाही.