मदत हवी आहे: कल्चर रिपोर्टमध्ये तीनच अँटिबायोटिक्स उरली आहेत, डॉक्टरांना काय काय विचारू?

रानजाई

नमस्कार. बंड्या आमचा लॅब्रॅडोर, सहा वर्षांचा, वजन ३२ किलो. पोटावर आणि जांघेत पुळ्या येतात, फुटतात, मग कडेने पापुद्रा सुटलेले गोल डाग राहतात. सेफॅलेक्सिन झालं, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट झालं, ही दोन्ही अँटिबायोटिक्स. दोन्ही वेळा जरा कमी होऊन पुन्हा येरे माझ्या मागल्या. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी कल्चर (जंतू वाढवून त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते बघणारी तपासणी) करायला सांगितलं.

रिपोर्टमध्ये स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जंतू, मेथिसिलिन-रेझिस्टंट (म्हणजे पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांना न जुमानणारा) असं आलंय. क्लिंडामायसिन, डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा सगळ्यांपुढे आर (रेझिस्टंट, म्हणजे लागू पडणार नाही). एस (म्हणजे लागू पडेल) फक्त तिघांपुढे: क्लोरॅम्फेनिकॉल, अमिकासिन, रिफॅम्पिसिन. डॉक्टर क्लोरॅम्फेनिकॉल सुरू करू म्हणाले आणि पुढच्या भेटीत सविस्तर बोलू म्हणाले. त्याआधी मला नीट प्रश्न तयार ठेवायचे आहेत. ही औषधं एरवी कुणी देत नाही ती का? ती जास्त ‘स्ट्राँग’ असतात का? रिपोर्टमध्ये प्रत्येकापुढे एमआयसीचा (जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण) आकडा आहे, ज्याचा सगळ्यात लहान तेच निवडायचं का?

बाकी बंड्या खातो-पितो, खेळतो. आकडीसाठी फेनोबार्बिटोन चालू आहे, वर्षभरात फिट नाही. घरात एक मांजर आहे. औषध बहुतेक वेळा वहिनी देते, ती सध्या गरोदर आहे.

टिटवी

आमच्या कुत्रीला हेच इन्फेक्शन झालं होतं, क्लोरॅम्फेनिकॉलने बरी झाली. पण दर आठ तासांनी गोळी म्हणजे घरातल्या सगळ्यांची झोप गेली. उलट्या आणि भूक मंदावणं हेही झालं. खाण्याबरोबर द्या. आणि वहिनींना त्या गोळ्यांना हात लावू देऊ नका, हे आधी.

उंबरठा (पशुवैद्य, छोटे प्राणी)

टिटवींचा शेवटचा मुद्दा खरंच पहिला आहे. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे माणसात क्वचित अस्थिमज्जा कायमची बंद पडू शकते. क्वचित म्हणजे खूपच क्वचित, पण हा परिणाम डोसवर अवलंबून नसतो, म्हणून ‘थोडंसं लागलं तर काय होतंय’ हे इथे चालत नाही. ग्लोव्हज घालायचे, गोळी फोडायची किंवा कुटायची नाही, गरोदर व्यक्तीने हे काम करायचंच नाही. याच कारणाने ज्या जनावरांचं मांस-दूध माणूस खातो त्यांच्यात हे औषध अनेक देशांत बंद आहे.

‘स्ट्राँग’चा गैरसमज मात्र काढून टाका. ही औषधं मागे पडली ती त्रासदायक आहेत म्हणून. जिथे सेफॅलेक्सिन लागू पडतं तिथे ती त्याच्यापेक्षा सरस नाहीत. बंड्याच्या जंतूकडे मेकए नावाचा जनुक असतो. त्यामुळे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन ज्या प्रथिनाला चिकटतात तेच बदललेलं असतं. म्हणून त्या अख्ख्या घराण्यातलं एखादं औषध रिपोर्टमध्ये एस दिसलं तरी ते आर समजायचं.

एमआयसीचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात. प्रत्येक औषधाची मर्यादारेषा वेगळी असते, कारण ते रक्तात आणि त्वचेत किती पोचतं हे वेगळं असतं. एकाचा ०.५ आणि दुसऱ्याचा ४ असेल तरी ४ वालं योग्य असू शकतं.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेलं फेनोबार्बिटोन. माझ्या मते अख्ख्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे. क्लोरॅम्फेनिकॉल यकृतातली औषध मोडणारी एन्झाइम्स अडवतं, त्यामुळे फेनो साठत जातं. कुत्रा सुस्त होतो, झोकांड्या खातो. शिवाय क्लोरॅम्फेनिकॉलमुळे स्वतंत्रपणेही मागचे पाय लुळे पडू शकतात, मोठ्या जातींत विशेष. औषध थांबवल्यावर सहसा सुधारतं. पण बंड्या उद्या मागच्या पायांनी लडखडला तर फेनो चढलंय की हे, कसं ओळखणार?

रिफॅम्पिसिन याच्या उलट. ते एन्झाइम्स वाढवतं, फेनोची पातळी उतरते आणि फिट परत येऊ शकते. ते यकृतालाही त्रास देतं, म्हणून नियमित रक्त तपासावं लागतं. आणि फेनोने मुळात यकृताची एन्झाइम्स वाढलेली असतात, तेव्हा तो रिपोर्ट वाचणंही अवघड. लघवी, लाळ, अश्रू केशरी होतात, ते मात्र निरुपद्रवी. एकट्याने दिलं तर जंतू त्याला फार पटकन सरावतो.

राहिलं अमिकासिन. फेनोशी भांडण नाही, पण इंजेक्शनच घ्यावं लागतं, आणि मूत्रपिंड व कान दोन्हींवर वाईट. देताना लघवी वरचेवर तपासायची, कारण तिच्यात कास्ट (मूत्रपिंडाच्या नलिकांत तयार होणारे सूक्ष्म साचे) आणि प्रथिनं दिसतात ती रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की वाढणारा घटक) वाढायच्या आधी. सोबत फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) किंवा वेदनाशामक एनसेड असेल तर धोका वाढतो. पू साचलेल्या जागी ते फारसं काम करत नाही.

भटकभवानी

मग सरळ लिनेझोलिड का देत नाहीत? माणसांना देतात ना.

उंबरठा

माणसांना देतात म्हणूनच. माणसांच्या रेझिस्टंट इन्फेक्शनमध्ये अखेरीस हाताशी राहणाऱ्या मोजक्या औषधांपैकी ते आहे. युरोपीय संघाने २०२२ च्या नियमाने लिनेझोलिडचा गट, व्हॅन्कोमायसिनचा गट आणि कार्बापेनेम फक्त माणसांसाठी राखून ठेवले. नियम नसता तरी पोटावरच्या पुळ्यांसाठी मी ते लिहून दिलं नसतं.

मनीमाऊची आई

धागा थोडा भरकटवतेय, माफ करा. आमच्या मांजरीच्या लघवीच्या कल्चरमध्ये फॉस्फोमायसिन एस आलंय. कुत्र्यांना देतात असं वाचलं. विचारू का डॉक्टरांना?

उंबरठा

विचारा, पण ते नाहीच म्हणतील. फॉस्फोमायसिन मांजरांच्या मूत्रपिंडाच्या नलिका बिघडवतं. कुत्र्यांत चालतं, मांजरांत नाही. प्रयोगशाळा जंतू तपासते, तो कोणत्या प्राण्यातून आला याचा विचार एस लिहिताना होतोच असं नाही. एन्रोफ्लॉक्सासिनचंही तसंच, ठरलेल्या डोसच्या वर गेलं तर मांजराची दृष्टी कायमची जाऊ शकते. क्लोरॅम्फेनिकॉल मांजरांना कुत्र्यांपेक्षा बऱ्याच कमी डोसने द्यावं लागतं. रानजाई, तुमच्या घरीही मांजर आहे म्हणून सांगतो, बंड्याची उरलेली गोळी तिला कधीच नाही.

आणि मनीला लघवीचा काही त्रासच होत नसेल, नुसते जंतू सापडले असतील, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. हेही विचारा.

टिटवी

थायरॉइड तपासा असं मी सुचवणार होते. आमच्या कुत्रीचं मूळ कारण तेच निघालं.

उंबरठा

मूळ कारण शोधायलाच हवं. ॲलर्जी, पिसवा, डेमोडेक्स (त्वचेतला सूक्ष्म किडा), थायरॉइड यांपैकी काहीतरी मागे असतंच, नाहीतर पुळ्या पुन्हा येणार. फक्त फेनोमुळे टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटा कमी दिसतो. नुसत्या त्या आकड्यावर थायरॉइडच्या गोळ्या सुरू होऊ देऊ नका.

माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. पोटात औषध हवंच का? तुम्ही वर्णन केलेलं वरवरचं पायोडर्मा (जंतूंमुळे होणारं त्वचेचं इन्फेक्शन) वाटतं. गाठी, भोकं, रक्ताळ पू नसेल तर २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडिनचा शँपू आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी दहा मिनिटं अंगावर ठेवून. मेथिसिलिन-रेझिस्टंट असला तरी क्लोरहेक्सिडिन त्याला बहुधा मारतं. न बघता ठरवता येणार नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

रानजाई

आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. फेनो आमचे नेहमीचे डॉक्टर देतात, त्यामुळे त्वचेच्या डॉक्टरांच्या केसपेपरवर ते नव्हतंच. मी सांगितल्यावर त्यांनी क्लोरॅम्फेनिकॉल लगेच बाजूला ठेवलं. जखमा वरवरच्याच आहेत म्हणाले. आधी फक्त शँपू आणि मधल्या दिवसांत क्लोरहेक्सिडिनचे वाइप्स, मग पुन्हा स्लाइड (त्वचेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली) बघणार. नाहीच जमलं तर अमिकासिन, त्याआधी लघवी आणि रक्त. ॲलर्जीचं कामही सोबत सुरू करतायत. वहिनीसाठी हात धुणं पुरे म्हणाले, हा जंतू माणसात सहसा आजार करत नाही, पण खपल्यांना हात लावू नये.

अडचण एकच. साबण लावून दहा मिनिटं हा उभा राहत नाही, आणि राहिला तर चाटतो.

टिटवी

अंघोळीआधी फिरवून दमवून आणा. पुढ्यात कुणीतरी खाऊ घेऊन बसा, तोंड तिकडे गुंतलं की चाटणं थांबतं.

उंबरठा

आणि फेस लावायला पोट-जांघांपासून सुरुवात करा, धुताना त्या जागा शेवटी घ्या. बाकी अंगाला पाच मिनिटं मिळाली तरी जिथे हवी तिथे दहा मिळतात. वेळ मोजायची ती त्या जागांना फेस लावून झाल्यापासून. डोळ्यांजवळ नेऊ नका, कानात तर मुळीच नाही.