मदत हवी आहे: देवळामागच्या दगडावरचा हात

नमस्कार मंडळी. आमचं गाव वाई तालुक्यात. देवळाच्या जीर्णोद्धारात मागच्या झाडोऱ्यातून एक दगड निघालाय. त्यावर कोपरात वाकलेला हात, मनगटात चुडा, वर चंद्र-सूर्य. लोक म्हणतात, करणीचा दगड, नदीत टाका. अहो, ती सतीशिळा आहे, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड! चुडा म्हणजे अखंड सौभाग्य. चंद्र-सूर्य असेतोवर तिची आठवण राहील, असा त्याचा अर्थ. किकली गावचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. शेजारच्या वीरगळाला तर म्हसोबा म्हणून इतका शेंदूर थापलाय की खालच्या चौकटीतली लढाई दिसतच नाही. खरवडायला हात धजत नाही.

म्हाताऱ्या माणसांना न दुखावता हे कसं समजवायचं? कुणी जाणकार गावात येऊन बोलेल का? सोमवारी ट्रॅक्टर येणार आहे.