विषय: जुन्या गाडीच्या ब्रेक डिस्क, डीलर हात वर करतोय

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी,
घाईत लिहितेय. रविवारी स्विंडनहून परत येताना एम४ मोटरवे सोडताना ब्रेक दाबला तर स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. काल वैशालीताईंच्या गॅरेजवाल्याकडे चाकं काढून बघितली. पुढच्या दोन्ही डिस्क (ब्रेक पॅड ज्यांना दाबून चाक थांबवतात त्या चकत्या) गेल्यात. बाहेरच्या बाजूला अशी कड उभी राहिलीय की नख अडकतं. डिस्कवरच किमान जाडी २२ मिलिमीटर कोरलेली आहे; मोजली तर डावी २१.६, उजवी २१.८. डिस्क आणि पॅड मिळून ३४० पौंड सांगितले.

डीलर म्हणतो, ब्रेक हा झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही, आणि एमओटी (ब्रिटनमधली दरवर्षीची वाहन चाचणी) नवी करून दिली होती. गाडी घेऊन चौथा आठवडा चालू आहे, म्हणून थांबता येत नाही. गाडी परत घ्या म्हणू की दुरुस्ती करून द्या म्हणू? मिलिंद, तू मागे व्हॅनच्या वेळी काहीतरी पत्र लिहिलं होतंस ना?

शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमाचे स्पीकर माझ्या गाडीतून हॉलवर पोचणार नाहीत, कुणीतरी बघा.
अनघा

प्रेषक: सुधीर

अनघा,
गाडी बघायला जाताना मला सांगितलं असतंस तर मी आलो असतो, इथल्या बऱ्याच जणांबरोबर गेलोय. चाक न काढताही आऱ्यांमधून बोट घालून ती कड हाताला लागते.

डीलरचं अर्धं बरोबर आहे. २०१६ ची गाडी, ६८ हजार मैल; तिचे ब्रेक नव्यासारखे असावेत असं कुणी म्हणणार नाही. कायदासुद्धा गाडीचं वय, किंमत आणि मायलेज धरूनच दर्जा ठरवतो. पण डिस्क अर्धी झिजलेली असणं वेगळं आणि कंपनीने कोरलेल्या आकड्याच्या खाली जाणं वेगळं. तुझा सगळा मुद्दा त्या २२ वर उभा आहे. म्हणून आधी हे सांग, मोजली कशाने? साध्या व्हर्निअरचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि जाडी जास्त दिसते. मायक्रोमीटर हवा. नसेल तर दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरायचं, मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची.
सुधीरकाका

प्रेषक: वैशाली

सुधीरकाका, तो माणूस मायक्रोमीटरनेच मोजतो आणि फोटो काढून देतो. आमच्या तिन्ही गाड्या त्याच्याकडेच जातात. उगाच काम काढणाऱ्यातला तो नाही, माझ्या मागच्या डिस्क अजून वर्षभर चालतील म्हणून त्यानेच परत पाठवलं होतं. ३४० मध्ये चांगल्या कंपनीचे भाग आहेत. स्वस्तात करणारे भेटतील, पण नवी डिस्क बसवण्याआधी हबवरचा, म्हणजे डिस्क जिथे बसते त्या भागावरचा, गंज घासून काढत नाहीत आणि हजार मैलांत पुन्हा थरथर सुरू होते.
वैशाली

प्रेषक: प्रसाद

एवढ्यासाठी डिस्क बदलायच्या कशाला? पुण्यात आमचे बाबा नाना पेठेतून गाडीचं सामान आणायचे, आणि डिस्क लेथवर धरून फेस करून घ्यायचे. गुळगुळीत व्हायची, थरथर बंद. इथेही मशीन असलेली गॅरेजेस आहेत.
प्रसाद

प्रेषक: सुधीर

प्रसाद, फेस करणं म्हणजे आणखी जाडी काढणं. २३.५ ची असती तर मीच सुचवलं असतं. २१.६ वरून अजून काढली तर उतारावर उष्णता धरायला धातूच उरत नाही. डिस्क लवकर तापते, तडा जाऊ शकतो. पॅड झिजले की पिस्टन नेहमीपेक्षा जास्त बाहेर यावा लागतो, ते आणखी वेगळं. किमान जाडीच्या खाली लेथ नाही. तुमच्या बाबांच्या डिस्क जाड असणार, त्यांनी केलं ते योग्यच.
सुधीरकाका

प्रेषक: मिलिंद

अनघा,
आज रात्रीच लेखी पाठव, फोनवर बोलू नकोस. दोन मागण्या एकत्र लिहू नकोस, कारण दोन्हींचे नियम वेगळे आहेत आणि सगळी मेख तिथेच आहे.

२०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याखाली पहिल्या ३० दिवसांत गाडी परत करून पूर्ण पैसे मागता येतात. पण दोष गाडी ताब्यात घेतानाच होता हे तुला दाखवावं लागतं. दुरुस्ती मागितलीस तर पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष आधीपासूनच होता असं धरलं जातं, नव्हता हे डीलरने सिद्ध करायचं. शिवाय दुरुस्ती मागितली की ते ३० दिवस तिथेच थांबतात. गाडी परत हातात आल्यावर उरलेले दिवस किंवा सात दिवस, यातलं जे जास्त ते तुला मिळतं. म्हणजे दुरुस्ती मागितल्याने परत करायचा हक्क जात नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि डीलर सांगत नाही.

वॉरंटीत बसत नाही या वाक्याला उत्तरच देऊ नकोस. वॉरंटी त्याने दिलेली जास्तीची गोष्ट, कायद्यातला हक्क त्याच्या वॉरंटीवर अवलंबून नाही. पावतीवर 'आहे तशी विकली' लिहिलं असलं तरी व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीला ते लागू होत नाही. ओळखीच्या माणसाकडून खासगीत घेतली असतीस तर गोष्ट वेगळी होती.

बयाणा क्रेडिट कार्डावर दिला होतास का? थोडीशी रक्कम जरी कार्डावर असेल आणि गाडीची किंमत ३०,००० पौंडांच्या आत असेल तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही तेवढीच जबाबदार.
मिलिंद

प्रेषक: स्मिता

सर्वांना विनंती, गाडीच्या मेलमध्ये मंडळाची कामं मिसळू नका. स्पीकरचं मी आत्ता वाचलं, तेही योगायोगाने. कार्यक्रमाच्या निरोपांना विषयात 'मंडळ' लिहायचं आपलं ठरलं आहे. प्रसाद, तुमची मोठ्या डिक्कीची इस्टेट गाडी आहे, शनिवारी चारपर्यंत स्पीकर आणाल का?

अनघा, गाडी तोवर चालवू नकोस. मुलीला शाळेत सोडायला आमच्याबरोबर पाठव.
स्मिता

प्रेषक: प्रसाद

आणतो. किल्ली कोणाकडे आहे?

पण माझा प्रश्न तसाच आहे. एमओटी पास झालेली गाडी खराब कशी म्हणायची? सरकारमान्य चाचणी आहे ना?
प्रसाद

प्रेषक: सुधीर

एमओटीवाला चाकं काढत नाही. आऱ्यांमधून दिसेल तेवढं बघतो आणि रोलरवर ब्रेकचा जोर मोजतो. मायक्रोमीटर लावतच नाही. जोर ठीक आला आणि तडा दिसला नाही तर गाडी पास होते. फार तर 'डिस्क झिजली आहे, पण गंभीर कमकुवत नाही' असा शेरा मारतो. म्हणून पास म्हणजे जाडी बरोबर, हा डीलरचा तर्क टिकत नाही.

अनघा, सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून जुन्या एमओटी बघ. फुकट दिसतात, मायलेजसकट.
सुधीरकाका

प्रेषक: अनघा

काका, बघितलं! मागच्या वर्षीच्या एमओटीत पुढच्या दोन्ही डिस्कवर अगदी तोच शेरा आहे, ५९ हजार मैलांवर. डीलरने करून घेतलेल्या नव्या एमओटीत एकही शेरा नाही. त्या नऊ हजार मैलांत डिस्क बदलल्या असत्या तर एवढी कड आलीच नसती. मी चारशे मैलही चालवली नाहीये.

५०० पौंड बयाणा क्रेडिट कार्डावरच होता. मिलिंद, नव्या एमओटीची तक्रार करू का?
अनघा

प्रेषक: मिलिंद

करता येते, गंजाचा दोष नसेल तर चाचणीपासून २८ दिवसांत. पण मग सरकारी खात्याची तपासणी होईपर्यंत ब्रेकला हात लावायचा नाही आणि तेवढे दिवस गाडी उभी. त्यातून जाडी चाचणीत मोजतच नाहीत, त्यामुळे निकाल तुझ्या बाजूने लागेलच असं नाही. मी असतो तर तो वेळ डीलरवर घालवला असता.

मेलमध्ये एवढंच लिही: मोजमापाचे फोटो, मागच्या वर्षीचा शेरा, दोन्ही वेळचं मायलेज, दुरुस्तीची मागणी आणि उत्तरासाठी सात दिवस. रागाचं एकही वाक्य नको.
मिलिंद

प्रेषक: वैशाली

आणि दुरुस्ती त्याच्या वर्कशॉपमध्ये करू देऊ नकोस! माझ्या गॅरेजवाल्याकडे कर आणि बिल पाठव.
वैशाली

प्रेषक: मिलिंद

ताई, तसं परस्पर करता येत नाही. दुरुस्तीची संधी आधी विकणाऱ्याला द्यावी लागते. नाहीतर तो बिल नाकारेल आणि त्याचं म्हणणं चालेलही.
मिलिंद

प्रेषक: अनघा

उत्तर आलं. फोनवर 'निम्मे देतो' म्हणाला होता, मागच्या वर्षीच्या एमओटीचं पान जोडल्यावर लेखी 'दोन्ही डिस्क आणि पॅड बदलून देतो' असं आलं. काम त्याच्याच वर्कशॉपमध्ये, मंगळवारी. गाडी तो उचलून नेणार. वैशालीताई, मला तिथे फार विश्वास वाटत नाहीये, पण मिलिंद म्हणतो ते पटलं. हब साफ करा असं मेलमध्ये वेगळं लिहिलंय.
अनघा

प्रेषक: सुधीर

जुन्या डिस्क परत माग, डिक्कीत टाकून द्यायला सांग. त्याशिवाय बदलल्या की नाही कळणार नाही. गाडी आली की मला फोन कर, चाक काढून नव्यांची जाडी मोजू. पहिले शेदोनशे मैल जोरात ब्रेक दाबू नकोस, पॅड डिस्कवर बसायला तेवढा वेळ द्यावा लागतो. पुन्हा थरथरली तर सात दिवसांच्या आत मिलिंदला कळव.
सुधीरकाका