मदत हवी आहे: बीसी-६११ हँडी-टॉकी चालू झाला, पण आवाज फाटतोय

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत राहतो, हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे. मे महिन्यात इथे झीनियाला हॅमव्हेन्शन हा हॅम मंडळींचा मेळावा भरतो, तिथल्या जुन्या सामानाच्या बाजारात मला बीसी-६११ मिळाला. शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने, म्हणजे पुढच्या मोटोरोलाने, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनवलेला हा हातात धरायचा वायरलेस. सैन्याच्या कागदांवर अख्ख्या संचाचं नाव एससीआर-५३६. १९४४ साली नॉर्मंडीत उतरलेल्या सैनिकांकडे हाच होता. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) रेडिओवर हात बसलेली मंडळी इथे आहेत, म्हणून इथेच विचारतोय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: बाहेर फिरवायचं एकही बटण नाही. अँटेना ओढली की चालू, आत ढकलली की बंद. बाजूला रबराखाली लांब पट्टी आहे, ती दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. आत पाच व्हॉल्व्ह: १आर५, १टी४, १एस५ आणि दोन ३एस४. ३.५ ते ६ मेगाहर्ट्झमधला एकच चॅनल, क्रिस्टलने (ठरावीक फ्रिक्वेन्सी देणाऱ्या स्फटिकाने) बांधलेला, एएमवर. ताकद ०.३६ वॉट, जमिनीवर फार तर मैलभर. चॅनल बदलायचा तर क्रिस्टलची जोडी आणि कॉइलही बदलावी लागतात. मी ३८८५ किलोहर्ट्झ निवडला, कारण इथली एएमवाली मंडळी तिथेच जमतात. आयएफ, म्हणजे आलेला सिग्नल आत ज्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतात ती, ४५५ किलोहर्ट्झची, म्हणून दोन्हींची बेरीज करून ऐकण्याचं क्रिस्टल ४३४० चं.

मूळ बॅटऱ्या दोन असायच्या, फिलामेंटला (व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारेला) १.५ व्होल्टची बीए-३७ आणि प्लेटला (आतल्या जास्त व्होल्टच्या पत्र्याला) १०३.५ व्होल्टची बीए-३८. मी ९ व्होल्टच्या अकरा बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ९९ व्होल्ट केलेत आणि फिलामेंटला एक मोठा सेल दिलाय. पाचही फिलामेंट शाबूत आहेत.

आता अडचण. सुरुवातीची मिनिटं बरं ऐकू येतं, मग आवाज फाटायला लागतो. बोललो तर शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर कॅरियर (आवाज वाहून नेणारी लहर) स्वच्छ येतो, पण शब्द भरडल्यासारखे. कधी पट्टी दाबूनही कॅरियर येतच नाही, जोर देऊन दाबली की येतो. शिवाय ट्यूनिंग टिकत नाही: सांगाडा बाहेर असताना सगळं जुळवतो, डब्यात सरकवला की ताकद पडते. कुठून सुरुवात करू? मेणाचे कपॅसिटर सरसकट काढायला जीव होत नाही. आतलं रूप जमेल तितकं मूळचं ठेवायचंय.

प्रतिसाद १

अरे, छान चीज हाती लागली आहे तुझ्या. मी कोल्हापुरात रेडिओ दुरुस्तीतच केस पांढरे केले, ही व्हॉल्व्हची मालिका ओळखीची आहे.

ऐकताना आणि बोलताना, दोन्हीकडे आवाज फाटतोय. मग दोन्हीकडे कामाला असलेला भाग कोणता, ते बघ. ऐकताना शेवटचा ३एस४ आवाज मोठा करतो, बोलताना तोच मॉड्युलेटर होतो, म्हणजे आवाज कॅरियरवर चढवतो. १एस५ च्या प्लेटवरून त्याच्या ग्रिडला (व्हॉल्व्हमधल्या नियंत्रण जाळीला) जाणारा कपॅसिटर गळत असणार. दहा मेगओहमचा डिजिटल मीटर घे आणि त्या ग्रिडवर लाव. तिथे थोडा ऋण विद्युतदाब हवा. धन दिसला, त्यातही हळूहळू चढत गेला, तर दुसरं काही शोधू नकोस. तेवढा एक बदल. जुन्याची नळी गरम करून आतलं मेण आणि कागद काढ, नवा फिल्म कपॅसिटर आत बसव, वरून मेण ओत. बाहेरून ओळखू येणार नाही.

आणि एक सांभाळ. ९९ व्होल्ट चुकून फिलामेंटला लागले तर पाचही व्हॉल्व्ह क्षणात जातात. दोन्ही बॅटऱ्यांचे कनेक्टर असे कर की एकमेकांत बसूच नयेत.

प्रतिसाद २

काकांशी सहमत. पट्टीचं मात्र वेगळं आहे. त्या एका पट्टीखाली पात्यांचे बरेच जोड आहेत, सगळे एकदम पलटावे लागतात. पॉलिश पेपर लावू नका दादा, वरचा मुलामा जातो. जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवून पात्यांमधून ओढा, काळं येणं थांबेपर्यंत.

ट्यूनिंगबद्दल: ३८८५ ला तरंगलांबी ७७ मीटरच्या आसपास, म्हणजे पाव तरंग १९ मीटर. तुमची अँटेना मीटरभराची. उरलेलं सगळं कॉइलवर आणि तुमच्या हातावर चालतं. ॲल्युमिनियमचा डबा जवळ आला की जुळणी सरकणारच. सैन्यात यासाठी आयई-१७ नावाचा तपासणी संच असायचा. तो नसेल तर क्रम असा धरा: आधी ४५५ वर आयएफ, सिग्नल जेमतेम ऐकू येईल इतका बारीक ठेवून. मग क्रिस्टल लावून पुढचा टप्पा. अँटेना सगळ्यात शेवटी, सेट हातात बोलताना धरतो तसाच धरून, आणि दोन-तीन मीटरवर फील्ड स्ट्रेंग्थ मीटर (लहरींची ताकद मोजणारा) ठेवून. डब्यात घालून आकडा बघा, बाहेर काढून किंचित हलवा, पुन्हा घाला. वेळखाऊ आहे, पण दुसरा उपाय नाही. कॉइलमधले गाभे हलवायला प्लास्टिकचाच पेचकस वापरा, आणि जाम असेल तर आधी हेअर ड्रायरने मेण मऊ करा. कोरडा गाभा पिळला की तुटतो.

धागाकर्ता

काका, अगदी तेच निघालं. ग्रिडवर धन व्होल्ट होते आणि सेट तापेल तसे वाढत होते. तुम्ही सांगितलं तसा नळीच्या आत नवा बसवला. आता तासभर ऐकलं तरी आवाज स्वच्छ, आणि बोललेलं शब्द न शब्द कळतं. बाकीचे कपॅसिटर मोजून तसेच ठेवलेत.

ताई, पात्यांमधून कागद ओढला, काळाकुट्ट निघाला. कॅरियर आता हलक्या दाबानेही येतो. अँटेना तुमच्या पद्धतीने जुळवली, डबा बंद केल्यावरचा आकडा पूर्वीपेक्षा बराच वर आहे.

एकच राहिलं. पट्टीवरचं रबर कडक होऊन चिरलंय, दाबलं की भुगा पडतो आणि तो पात्यांत जातो. सिलिकॉनमध्ये साचा काढून नवं ओतलं तर पट्टी तितकीच हलकी दाबली जाईल का? कोणी असं काम केलं असेल तर जाडी किती ठेवली ते सांगा.

प्रतिसाद २

साचा जुन्या रबरावरून काढू नका, ते आकसलेलं असतं. चौकटीचं माप घ्या. सिलिकॉन मऊ प्रतीचं, मधला भाग एक मिलिमीटर आणि कडा दुप्पट जाड. आधी एखादा तुकडा ओतून दाबून बघा, मग पूर्ण करा.