दरवान सिंग नेगींनी खंदकात नेमकं केलं काय?

माळरान:
जिथे बघावं तिथे 'अतुलनीय शौर्य' लिहून मोकळे होतात, पुढे काहीच नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या फेस्त्युबेरला त्या रात्री नक्की झालं काय? आणि व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवणारे पहिले भारतीय नेगी की खुदादाद खान? दोन्ही नावं येतात, डोकं फिरलंय.

जुनी_वही:
पराक्रम आधी खुदादाद खानांचा, ३१ ऑक्टोबर १९१४, बेल्जियममधे होलेबेकला, मशीनगनवरचे बाकी सगळे मेले तरी जखमी अवस्थेत गन चालूच ठेवली. नेगींचा २३-२४ नोव्हेंबरच्या रात्रीचा. पण ५ डिसेंबरला पंचम जॉर्जने फ्रान्समधेच नेगींना पदक दिलं, म्हणजे हातात आधी त्यांच्या पडलं. १९११ च्या आधी आपल्या शिपायांना हा क्रॉस मिळायची सोयच नव्हती, हे पण लक्षात घ्या.

टोपणराव:
मूळ प्रश्न राहिलाच की. खंदक सरळ नसतो हो, दर काही पावलांवर काटकोनात वळतो, म्हणजे शत्रू आत घुसला तरी त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत गोळ्या घालता येत नाहीत. आता तोच खंदक जर्मनांनी घेतलाय आणि ३९ व्या गढवाल रायफल्सला तो परत घ्यायचाय, मग काय, एकेक वळण जिंकत जायचं, बॉम्ब पलीकडे टाकायचा आणि तो फुटला रे फुटला की संगीन पुढे करून कोपऱ्यावरून आत, समोरचा हातभर अंतरावर. पहिला जो वळणार त्याला गोळी ठरलेली. नेगी प्रत्येक वळणावर पहिल्या काहीजणांत होते, डोक्याला दोन जखमा, दंडाला एक, तरी मागे हटले नाहीत. आणि आपल्या बाजूचे बॉम्ब म्हणजे बऱ्याचदा जामच्या डब्यात ठासलेली दारू! १९१४ मधे ब्रिटिशांकडे धड हातबॉम्बसुद्धा नव्हते पुरेसे.

माळरान:
बापरे, आत्ता कळलं. आणि ते दुसरे क्रॉसवाले गबर सिंग नेगी, ते यांचेच भाऊ का?

जुनी_वही:
नाही हो, गढवालात नेगी ढिगाने सापडतील. रेजिमेंट तीच, बटालियन दुसरी. गबर सिंगांचं फ्रान्समधल्याच न्यूव्ह शापेलचं, १० मार्च १९१५, तिथेही हेच, प्रत्येक वळणावर पहिला माणूस हाच, जर्मन शरण येईपर्यंत रेटत नेलं. ते मात्र त्याच लढाईत गेले, क्रॉस मरणोत्तर.